पुढच्या सीटवरचं मूल

गाडीत पुढे कोण बसणार यावरून घरात वाद झाला, की शहाणी माणसं हसतात. एवढ्याशा गोष्टीवरून भांडता? हसा. दूर समुद्रातल्या आमच्या बेटावर, व्हाइतोआ गावात लेमासोच्या घरीही सगळे हसलेच होते.

लेमासो म्हणजे घराण्याचा कर्ता, मताई. सहासष्ट वर्षांचा, छाती अजून दारासारखी रुंद. पांढऱ्या रविवारला पाच दिवस राहिले होते. त्या दिवशी आमच्याकडे पोरांचं राज्य असतं. पोरं पांढरे कपडे घालून चर्चमध्ये पाठ केलेली वचनं म्हणतात, आणि दुपारी मोठी माणसं त्यांना आधी वाढून मग स्वतः जेवतात. एरवी पोरांना शेवटचं उरलंसुरलं मिळतं, ते निराळं.

जेवण झाल्यावर लेमासोनं बोटं धुतली आणि जाहीर केलं, "रविवारी अमोसा पुढे बसेल. माझ्या मांडीवर. पहिला पांढरा रविवार आहे त्याचा. सगळ्या गावानं बघू दे."

अमोसा पाच महिन्यांचा. लेमासोचा नातू, आपेलूचा मुलगा. आणि आपेलूच्या बायकोचा, फेतूचाही, पण तिला कोण विचारतो? ती नोफोताने. नवऱ्याच्या घरी राहायला आलेली बाई. अशा बाईनं उठायचं पहिलं, जेवायचं शेवटी आणि बोलायचं कधीच नाही. आमच्या बेटावरची ही रीत मला पटत नाही, आणि मी ती कोणासाठी गोड करून सांगणार नाही.

फेतू हळूच म्हणाली, "बाबा, मी त्याच्यासाठी सीट आणलीय. बाळाची. मागे बसवायची असते."

"ते प्लॅस्टिकचं टोपलं?" लेमासो हसला. "अगं, कोंबडीला पण आपण त्यापेक्षा मोकळं नेतो."

आपेलू हसला. आपेलूची आत्या तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "सूनबाई गाड्यांच्या भंगारात कामाला लागली ना, तेव्हापासून शहाणी झालीय."

कामाला लागली होती खरी. जपानहून जुन्या गाड्या आणायच्या, चांगल्या विकायच्या, मोडक्या सुट्या करायच्या, असं एक आवार आपिया शहराच्या वाटेवर आहे. तिथे फेतू दोन महिने पावत्या लिहीत होती. मागच्या बाजूनं अधूनमधून बंदुकीसारखा बार ऐकू यायचा. भंगारात टाकायच्या गाडीतली एअरबॅग आधी फोडून टाकावी लागते, नाहीतर पुढे कापणाऱ्याच्या तोंडावर फुटते. ते काम म्हातारा सोलोमोना करायचा. फेतू पहिल्या दिवशी दचकली होती. दुसऱ्या आठवड्यात तिची मानही वर होईनाशी झाली. रोज ऐकलेल्या आवाजाचं असंच होतं.

बुधवारी तिनं जेवणाचा डबा एका गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला आणि सोलोमोना तिच्या अंगावर ओरडला.

"उचल तो! उचल आधी!"

"डबाच तर आहे, काका."

"झाकण आहे ते, पोरी! त्याच्याखाली एअरबॅगची पिशवी घडी करून ठेवलीय. फुटली तर तुझा डबा मागच्या काचेतून रस्त्यावर जाईल. मध्ये तुझं डोकं असलं तर डोक्यातून."

फेतूनं डबा उचलला. मग उभ्या उभ्या विचारलं, "आणि मध्ये बाळ असलं तर?"

सोलोमोनानं हातातला पाना खाली ठेवला. "कोणाचं बाळ?"

तिनं रविवारचं सांगितलं. म्हातारा ऐकत राहिला. मग एका उलट्या टायरवर बसला आणि बोटं मोजल्यासारखं सावकाश सांगू लागला.

"पुढच्या बाजूला एवढंसं यंत्र असतं. गाडी कशावर तरी आपटून एकदम थांबली, की त्याला कळतं. ते ठिणगी टाकतं. डबीतलं द्रव्य पेटून वायू होतो आणि पिशवी झाकण फाडून बाहेर येते. तुझी पापणी मिटायच्या आत. ताशी तीनशे किलोमीटरनं म्हण. लोकांना वाटतं उशी आहे. उशी नंतर होते गं. आधी तो ठोसा असतो! पट्टा बांधून मागे टेकून बसलेला मोठा माणूस पुढे झुकतो, तोवर पिशवी फुगून झालेली असते, मागच्या भोकांतून हवा सोडायला लागलेली असते. म्हणून तो वाचतो. मांडीवरचं पोर काय करतं? ते झाकणाला चिकटूनच असतं. त्याला उशी मिळत नाही. त्याच्या वाट्याला नुसता ठोसा."

"मग टोपलं पुढे लावू? उलटं, पाठमोरं?"

"अगं, ते तर त्याहून वाईट! त्याचं डोकं झाकणापासून वीतभर. मागे लाव. बारा-तेरा वर्षांचं होईस्तोवर पोरानं पुढे यायचंच नाही. आणि तो तुझा नवरा, स्टिअरिंगला छाती लावून गाडी चालवतो ना? त्याला सांग, वीतभराहून जास्त मागे सरक."

 फेतूच्या डोळ्यांसमोर दुसरंच काही आलं होतं, आणि सोलोमोनाच्याही आलं असावं, कारण त्यानं मान खाली घातली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. लेमासोची मुलगी सेऊला पलीकडच्या गावात दिलेली. तिची चार वर्षांची लुपे आजोळी आली होती. नवा फ्रॉक सगळ्यांना दाखवायचा म्हणून आजोबाच्या मांडीवर पुढे बसली. आपेलू चालवत होता. पिल्लांची रांग घेऊन डुकरीण आडवी आली, त्यानं चाक वळवलं, गाडी दगडी गडग्यावर गेली. सायकलवाल्यानं पायडल मारून गाठावी एवढाच वेग. आपेलूच्या नाकातून रक्त आलं. लेमासोला काही झालं नाही. लुपे गेली. मान मोडली, असं डॉक्टर म्हणाले. कशानं मोडली, हे कोणी विचारलं नाही. पाद्रीबुवा म्हणाले देवानं आपलं फूल खुडून नेलं, बायकांनी रडून घेतलं, आणि सगळ्यांनी ते मानलं.

"ती गाडी इथेच आली होती," सोलोमोना म्हणाला. "पुढचा पत्रा चेपला होता, बस. काच तडकलेली, पण ती बाहेरून नव्हे, आतून. पिशवी बाहेर लोंबत होती. पिशवीवर..." तो थांबला. "म्हाताऱ्याला खरचटलंसुद्धा नाही. कारण पिशवी आणि तो, यांच्यामध्ये ती होती."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"मला कोणी विचारलं नाही. एका मताईच्या तोंडावर जाऊन सांगू, की तुझ्या लाडानं पोर मेली? बसलो गप्प. दोन वर्षं बसलोय."

फेतू रडायला लागली. मग हाताच्या तळव्यानं चेहरा पुसून तिनं सोपी वाट काढली. "काका, आमच्या गाडीतली पिशवी काढून टाका. चूपचाप. बाबा बसू देत पुढे, अमोसाला काही होणार नाही."

"नाही."

"का नाही?"

"गाडी नुसती आपटली तरी पोर मांडीवरून सुटून काचेवर जाईल, ते राहू दे. ती पिशवी मोठ्या माणसाचा जीव वाचवते, ते पण राहू दे. पण पोरी, गावात गाड्या किती?"

"असतील अकरा-बारा."

"प्रत्येकीत पुढे मांडीवर पोर. मी किती काढू? आणि आपियात? आणि फेरीनं पलीकडच्या बेटावर? पिशवी काढायची नाहीय. तुमच्या घरातली गप्प बसायची सवय काढायचीय. ते काम माझ्या पान्यानं होत नाही."

"बाबा ऐकून मरतील."

"मरणार नाहीत. रडतील. रडू दे की! चार वर्षांची पोर मेलेली चालली, म्हाताऱ्याचं रडणं चालत नाही? ही कसली माया?"

बुधवार गेला, गुरुवार गेला, शुक्रवारही गेला. फेतूनं तोंड उघडलं नाही. तिला दोष देऊ नका. सासऱ्याला उलट उत्तर दिलं म्हणून माहेरी परत पाठवलेल्या बायका तिनं पाहिल्या होत्या, आणि त्यांची मुलं मागेच ठेवून घेतात.

शनिवारी सकाळी अंगणात गडबड होती. रांधायचे दगड तापत ठेवलेले, टारोच्या कंदांची साल काढणं चाललेलं, पोरं वचनं घोकत होती. आपेलूनं गाडी धुतली. आत्यानं डॅशबोर्डवर शिंपल्यांची माळ आणि येशूची तसबीर गोंदानं पक्की चिकटवली, बरोबर झाकणावर. लेमासो पुढच्या सीटवर जाऊन बसला आणि हात पसरून म्हणाला, "आण त्याला. बसवून बघू, फोटो काढा."

फेतू अमोसाला घेऊन उभी होती. हलली नाही.

"आण गं."

"नाही, बाबा. अमोसा पुढे बसणार नाही."

 आपेलू ओली फडकी हातात घेऊन तिच्याकडे वळला. "फेतू, आत जा."

"मी आत जाईन. अमोसा पुढे बसणार नाही."

"तुला इथे कोणी विचारलंय का?"

"थांब रे," लेमासो म्हणाला. तो अजून हसत होता. "घाबरते पोर. अगं, हे हात बघ. शर्यतीच्या होडीवर तीस वर्षं वल्हं मारलंय यांनी. या हातांतून कोण सुटेल?"

फेतूनं अमोसाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"लुपेलाही याच हातांनी धरलं होतंत."

चुलीवर तापलेला दगड फुटला तो सगळ्यांनी ऐकला.

आपेलू तिच्या अंगावर धावला. "तोंड बंद कर! ते उकरून काढू नकोस!" त्याचा आवाज फाटला. तो रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. गाडी त्यानंच चालवली होती. दोन वर्षं तो ज्याच्यापासून पळत होता ते त्याच्या बायकोनं अंगणात आणून ठेवलं होतं.

लेमासो गाडीतून उतरला. सावकाश. सुनेसमोर येऊन उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, आता मारतो.

"काय म्हणालीस?"

"तुम्ही सोडलं नव्हतंत तिला, बाबा. घट्ट धरलं होतंत. म्हणूनच. पिशवी फुटली तेव्हा ती तुमच्या आणि पिशवीच्या मध्ये होती. गडग्यानं नाही मारलं तिला. पिशवीनं मारलं. ती मागे बसली असती तर आज सहा वर्षांची असती."

"कोण म्हणतं?"

"ज्यानं ती गाडी सुटी केली, तो म्हणतो."

लेमासोनं एकच शब्द उच्चारला. "दाखव."

दुपारी आवारात गिऱ्हाईक नव्हतं. भंगारात निघालेली एक राखाडी गाडी सोलोमोनानं मोकळ्या जागी ढकलत आणली. लांब वायर ओढली, सगळ्यांना तीस पावलं मागे उभं केलं. "हे काम मी शिकलोय. दुसऱ्या कोणी कधी हात लावायचा नाही," असं आपेलूला दोनदा बजावलं. मग लेमासोकडे न बघता विचारलं, "वजन किती होतं तिचं?"

 उत्तर आपेलूनं दिलं. "पंधरा किलो असेल."

सोलोमोनानं टारोचं पोतं तेवढं भरलं, तोंड शिवलं, आणि पुढच्या सीटवर डॅशबोर्डला टेकून बसवलं, मांडीवरचं मूल बसतं तसं. मागे आला. बॅटरीला तार लावली.

बार झाला!

बघायला काही मिळालंच नाही. पोतं होतं, आणि मग नव्हतं. ते मागच्या सीटवर उलटं पडलं होतं, शिवण उसवलेली, छताचं कापड फाटलेलं. फुटलेल्या टारोचे पांढरे तुकडे मागच्या काचेवर चिकटले होते. गाडीतून पांढरी भुकटी आणि जळका वास येत होता. पुढे झाकणाच्या जागी एक मऊ पिशवी लोंबत होती, हवा गेलेली, वाळत घातलेल्या पोत्यासारखी.

सोलोमोनानं थोडं थांबून, मान हलवून परवानगी दिली. लेमासो चालत गेला. पिशवीला हात लावला. ती दोन बोटांत धरून चोळून पाहिली.

"एवढंसं कापड," तो म्हणाला. "एवढं मऊ."

मग वळून सोलोमोनाला म्हणाला, "तू मला दोन वर्षांपूर्वी का सांगितलं नाहीस?"

"भ्यालो, लेमासो."

"मला?"

"तुलाच."

लेमासो तिथेच जमिनीवर बसला. एवढा मोठा माणूस, भंगाराच्या तेलकट मातीत. आपेलू त्याला उठवायला गेला, तर त्यानं मुलाचा हात ढकलला नाही, धरून ठेवला.  घरी जाताना तो मागच्या सीटवर बसला. मताई झाल्यापासून पहिल्यांदा.

रविवारी पहाट फुटायच्या सुमाराला फेतू अमोसाला पाजायला उठली तर लेमासोची चटई रिकामी. घराण्याची सगळ्यात जुनी बारीक विणीची चटई, लग्नाला आणि मरणालाच बाहेर निघते ती, तीही जागेवर नव्हती. आपेलूला कळलं. त्याचा चेहरा उतरला. "सेऊलाकडे गेलेत," तो म्हणाला.

आमच्याकडे कोणी कोणाचा जीव घेतला, की गुन्हेगाराच्या बाजूचा कर्ता त्या घरासमोर चटईखाली डोकं झाकून बसतो. याला इफोगा म्हणतात. आतल्या माणसांनी चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर बसून राहायचं, ऊन येवो, दगड येवोत. हे एका घराण्यानं दुसऱ्यापुढे करायचं असतं. बापानं पोटच्या मुलीच्या दारात केलेलं कोणी ऐकलं नव्हतं.

दोघं बाळाला घेऊन पोचले तेव्हा ऊन वर आलं होतं. सेऊलाच्या अंगणात चटईचा ढीग, त्याच्या खाली म्हातारा. शेजारी चर्चचे पांढरे कपडे घालून रस्त्यात उभे. सेऊला उंबऱ्यावर बसलेली, हात मांडीवर, हलत नव्हती. लेमासोनं चटईखालून सगळं सांगून टाकलं होतं. पोत्याचंही.

बराच वेळ गेला. आपेलू बापाशेजारी गुडघ्यांवर बसला. त्यानं चटईचं टोक उचललं आणि स्वतःचं डोकं आत घातलं.

तेव्हा सेऊला उठली. चटईजवळ आली, पण उचलली नाही. तिथूनच बोलली, आणि इतक्या मोठ्यानं की रस्त्यावर ऐकू गेलं.

"दोन वर्षं मी देवाशी बोलले नाही, बाबा! चर्चमध्ये तोंड हलवत होते नुसतं. माझी लुपे का नेलीस, म्हणून त्याच्याशी भांडत होते. आणि त्यानं नेलीच नव्हती! कोणावर रागवायचं, तेसुद्धा मला कोणी सांगितलं नाही!"

"आता माझ्यावर रागव," चटईखालून आवाज आला.

"रागावणारच आहे."

"रागव."

"खूप दिवस रागावणार आहे."

मग तिनं चटई उचलली. बाप आणि भाऊ, दोघांच्या डोक्यांवरून. मिठी मारली नाही. म्हाताऱ्याच्या गुडघ्याची माती झटकली आणि म्हणाली, "उठा. पोरं थांबलीत चर्चमध्ये."

पोरांची वचनं झाल्यावर लेमासो व्हाइतोआच्या चर्चमध्ये उभा राहिला. मताई बोलतो तसं लांबलचक, गोल गोल बोलला नाही.

"लुपेला देवानं नेलं नाही. मी नेलं. पुढे मांडीवर बसवलं म्हणून मेली. मला ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते मला भ्याले. दोन्ही चुका माझ्याच, कारण मी ज्याला भ्यावं असा माणूस होतो. काल माझ्या सुनेनं मला सांगितलं. ती भ्याली नसेल असं समजू नका. भीत भीत बोलली. आजपासून या गावात कुठलंही पोर गाडीत पुढे बसणार नाही. पोराला मागे बसवा, बांधून बसवा. झाकणावर चिकटवलेलं सगळं काढा, देवाची तसबीरसुद्धा. देव घरात ठेवा."

पाद्रीबुवा खाली बघत होते.

बाहेर मैदानात अकरा गाड्या उभ्या होत्या. लोक पुढची दारं उघडत होते. बायका पोरांना घेऊन उतरत होत्या आणि मागे जाऊन बसत होत्या. एका आजीनं उतरायला नकार दिला, मग तिच्याच सुनेनं तिच्या मांडीवरून पोर उचललं. फेतू अमोसाला मागच्या सीटवर बसवून पट्टे आवळत होती. शेजारी लेमासो, हातात बाळाची दुधाची बाटली.

दहा गाड्यांचं असं झालं. अकराव्या गाडीतला माणूस हसला. "म्हातारा खचलाय," म्हणाला, तीन वर्षांच्या पोराला मांडीवर घेतलं आणि बायकोला म्हणाला, चल, काही होत नाही.

वाचणाऱ्यांनो, मी ही गोष्ट त्या दहा गाड्यांसाठी लिहिलेली नाही. त्यांना कळलं. मी लिहितोय त्या अकराव्या गाडीसाठी, आणि ती नुसती आमच्या बेटावर नाही. तुमच्या गल्लीत आहे. कदाचित तुमच्या दारात आहे. तिच्यात पुढे एक पोर डॅशबोर्डवर हात टेकून उभं आहे, मागे प्रेमानं धरणारा कोणीतरी आहे, आणि झाकणाखाली ती पिशवी वाट बघत आहे. तिला तुमचं प्रेम कळत नाही. तिला फक्त धडक कळते.

पोराला मागे बसवा. स्वतः पट्टा बांधा, नाहीतर ती पिशवी तुम्हालाही वाचवणार नाही. आणि घरात कोणी लहान तोंडानं मोठं बोललं, तर आधी ऐका. नंतर हवं तर रागवा. तेवढ्यासाठी पोर जिवंत असायला हवं.